हळदीच्या मांडवाबाहेर

बोईसरहून परत आले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो समुद्राचा. बघितला का? बघितला. पायसुद्धा भिजवले. पण मी काही समुद्र बघायला गेले नव्हते. मी माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला, सुनंदाला, कायमची घरी आणायला गेले होते. आणि त्या आठवड्यात मी खरं बघितलं म्हणाल तर तिकडचं गाणं-बजावणं. रोज संध्याकाळी कुठं ना कुठं मांडव, ढोलकी, बेंजो. आमच्या तासगावात एवढं वाजलं असतं तर लोक म्हणाले असते, जत्रा भरली का काय!

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा भाऊ विलास लग्न झाल्या झाल्या बोईसरला गेला, कापड रंगवायच्या कारखान्यात. दिवसा कारखाना आणि संध्याकाळी बेंजो. बेंजो म्हणजे तारांची लांबट पेटी. तिच्यावर टाईपरायटरसारखी बटणं असतात. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं तारा छेडायच्या. तिकडं हळदीला बेंजो पार्टी लागतेच, आणि विलासच्या पार्टीत गाणारी बाई म्हणजे त्याची बायको, आमची सुनंदा. मूलबाळ झालं नाही, पण दोघांचं नाव झालं. गेल्या पावसाळ्यात विलास कामावरून आला, पाणी मागितलं, आणि तांब्या येईपर्यंत गेला. असं कुणाचं होऊ नये.

आमच्या आईची ऐंशी उलटलीय. मी शाळेत असताना वडील गेले, तेव्हापासून ती कुणाच्या मांडवात शिरलेली नाही. शिस्तीची बाई. तिनं फर्मान काढलं, ‘सूनबाईला घेऊन ये. एकटी बाई तिकडं काय करणार? इथं माझ्याजवळ चार भिंतींत राहील.’ सुनंदानंही फोनवर मुकाट्यानं हो म्हटलं. ती पॅकिंगच्या कामाला जायची तिथं सांगितलं, खोलीच्या मालकालाही सांगितलं. आठवडा संपला की रविवारी सामान टेंपोत टाकायचं आणि निघायचं, असं ठरलं.

बोईसर

बोईसरला उतरल्याबरोबर नाकात काहीतरी आंबूस, औषधी वास घुसला. मी पदर नाकाला लावला तर सुनंदा म्हणाली, ‘वन्सं, दोन दिवसांनी कळायचाही नाही.’ खरंच कळेनासा झाला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

खोली एकच, पण आरशासारखी लख्ख. कोपऱ्यात बेंजो उभा करून ठेवलेला, त्यावर विलासची चादर. सुनंदा भाकऱ्या थापत होती आणि घरात फक्त थापांचा आवाज. मी तिला नव्या नवरीपासून ओळखते. भाकरी थापताना, धुणं धुताना, अगदी भांडताना मध्येच थांबूनसुद्धा ही गुणगुणायची. आता हूं नाही की चूं नाही. मला तो आवाज नसणं सहन होईना, म्हणून मीच आमच्या भजनी मंडळातलं एक भजन लावलं तोंडानं. मी मंडळात झांज वाजवते, गात नाही, आणि का गात नाही ते त्या खोलीला लगेच कळलं. तरी ती हसली नाही.

जेवणं होताहेत तोवर रमाकांत आला. पार्टीचा म्होरक्या, ढोलकीवाला, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या गावातला. उंबऱ्यातच बसला आणि आडपडदा न ठेवता म्हणाला, ‘ताय, आमच्या वयनीला नेऊ नका. आमची पार्टी मुकी झाली हाय.’

‘म्हणजे? वाजवत नाही का तुम्ही?’

‘वाजवतो ना. पेन ड्राइव लावतो बाईच्या आवाजाचा. पण ती काय गाणी हायत? डब्यातली मासळी ती.’

मी सुनंदाकडं बघितलं. ती ताटात बोट फिरवत म्हणाली, ‘दादा, कपाळ मोकळं असलेल्या बाईनं हळदीची गाणी म्हणायची होय? उद्या त्या नवरीला काही झालं तर?’

मग हळूहळू कळलं. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू झाली तेव्हा ही एकदा गेली होती, पार्टीच्या आग्रहामुळं. हळद एका घाटावरच्या कुटुंबाची होती, म्हणजे आपल्याच बाजूच्या, कारखान्यात कामाला आलेल्या लोकांची. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं आणि मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणी तोंडावर बोललं नाही. पण एका बाईनं नवरीला पाटावरून उठवून आत नेलं. सुनंदानं माईक खाली ठेवला आणि ती मांडवाबाहेर पडली, ती आजतागायत.

माझा स्वभाव तिखट आहे, सगळ्यांना माहीत आहे. डोकं असं तापलं की त्या बाईच्या झिंज्या उपटाव्यात. पण खोटं कशाला सांगू, रात्री आडवी झाले तेव्हा वाटलं, माझ्या पोरीच्या हळदीला कुणी विधवा गायला आली असती तर मी काय केलं असतं? उत्तर चांगलं येईना. मी कूस बदलली.

तारापूर रस्ता

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, चल, कुठंतरी गाणं ऐकायला जाऊ. मांडव नको, तर हॉटेल तरी. तारापूरच्या रस्त्याला एका हॉटेलात गाणारा बसतो, असं तिनं सांगितलं. फॅमिलीसाठी बाजूला जागा होती. गाणारा तरुण होता, संगीत मोबाईलवरून वाजत होतं आणि हा त्यावर जुनी हिंदी गाणी म्हणत होता. ऐकणारे सगळे पाळी संपवून आलेले कामगार. कुणी उत्तरेचा, कुणी ओडिशाचा, कुणी आपल्या बीड-जालन्याचा. ‘भैया, वो दर्दवाला एक और!’ अशी फर्माईश झाली. एक दांडगा माणूस टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडला आणि गाणं संपल्यावर नाक पुसून बिर्याणी खायला लागला.

मी हौसेनं व्हेज कोल्हापुरी मागवली. अहो, गोड! लालभडक आणि गोड! वेटरला म्हटलं, ‘बाळा, हे कोल्हापूरला कळलं तर मोर्चा येईल.’ तो म्हणाला, ‘आंटी, और तीखा चाहिए क्या?’ आणि वर लाल तिखट भुरभुरून घेऊन आला. तेवढ्यात माझं लक्ष सुनंदाच्या हाताकडं गेलं. बोटं टेबलावर ठेका धरत होती. मी बघतेय म्हटल्यावर तिनं हात मांडीवर घेतला.

चिंचणीच्या पुढं, किनाऱ्यावर

आपल्याकडं हळद म्हणजे सकाळचं काम. पाच सुवासिनी, एक पाट, थोडी थट्टा, आटपलं. तिकडं हळद ही लग्नापेक्षा मोठी. संध्याकाळी अख्खं गाव लोटतं. लग्नाला नाही गेलं तर चालतं, हळदीला नाही गेलं तर रुसवे होतात.

रमाकांतच्या गावात त्याच्या नात्यातल्या मुलाची हळद होती. सुनंदा येईना. मी म्हटलं, ‘मला रस्ता माहीत नाही, मी हरवले तर आईला तू सांग.’ तेव्हा आली, पण पार्टीच्या टेंपोतून उतरली नाही. स्पीकरच्या रिकाम्या खोक्यांत बसून राहिली. मी मात्र मांडवात गेले. काय तो थाट! म्हाताऱ्यासुद्धा अंबाड्यात अबोली माळून नाचायला उभ्या. मी खुर्चीत बसले तर एकीनं हाताला धरून उठवलं. ‘बसायला आली काय गो? बसायला घर हाय.’ जेवायला ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. बोंबील इतका मऊ की चावायचं कामच नाही. मी पाण्यासारखं गिळत गेले आणि काटा अडकल्यावर सगळ्या मांडवानं माझी पाठ थोपटली.

पण गाण्यात गडबड झाली. तिकडची रीत अशी की गाणारी बाई हळदीच्या गाण्यात त्या घराची नावं ओवते. नवरा कोण, मामा कोण, करवली कोण, एवढंच काय, घरच्या होडीचं नावही. ज्याचं नाव येईल तो मध्ये येऊन नाचतो आणि बाकीचे त्याला हळद फासतात. सुनंदा आधी जाऊन सगळी नावं विचारून घ्यायची आणि जागच्या जागी गाण्यात बसवायची. आता गाणं मशिनीतलं. त्यात नाव कुठलं? कुणी पुढं येईना, सगळे आपापल्या जागी हलत राहिले. नवऱ्याची आजी उठली आणि थेट रमाकांतसमोर जाऊन उभी राहिली.

‘आमच्या पोराचं नाव का नाय घेत ही तुमची बाय?’

‘आजी, ती बाय इथं नाय. ती मशिनीत हाय.’

‘मंग मशिनीशी लगीन लावा!’

सगळे हसले, आजी हसली नाही. ती चार बायका घेऊन टेंपोकडं निघाली. मीही मागून गेले. ‘वयनी, उतर ना,’ म्हणून त्यांनी सुनंदाला परोपरीनं विनवलं. त्यातल्या एकीलाही तिच्या मोकळ्या कपाळाचं काही वाटत नव्हतं. सुनंदा म्हणाली, ‘घसा बसलाय आजी.’

परत फिरताना एक बाई मला सांगत होती, ‘तुमाला म्हाईत नाय ताय. शेवटाला ती पार्टीची नावं घ्यायची. ढोलकीवर अमका, ताशावर तमका. आन् बेंजोवर आली का थांबायची. नवऱ्याचं नाव थेट कसं घेनार? मंग उखाणा! दर हळदीला नवा. लोक जेवन सोडून त्या उखाण्यासाठी थांबायचे.’ मला हे ठाऊकच नव्हतं. विलासनं कधी सांगितलं नाही. लाजला असेल.

तिकडं दहाच्या आत सगळं बंद करावं लागतं, पोलिसांचा दंडक आहे. पण त्या दिवशी मांडव त्याच्याही आधी थंडावला. परतताना सुनंदा म्हणाली, ‘वन्सं, त्या होडीचं नाव काय होतं?’ मी विचारलं नव्हतं. ‘विचारायला पाहिजे होतं,’ ती म्हणाली.

पालघर

पालघरला मी एकटीच गेले, कारण सुनंदाची कामाची पाळी होती. शहर स्वच्छ, रस्ते रुंद, मोठमोठी सरकारी कचेऱ्या. एका हॉलमध्ये जुन्या मराठी गाण्यांचा वाद्यवृंद होता. शेजारच्या बाईनं संपूर्ण कार्यक्रम मोबाईलवर भरून घेतला, कानानं एक गाणं ऐकलं नसेल. मध्येच वीज गेली. गाणारी बाई क्षणभर गडबडली आणि मग तशीच माईकशिवाय गात राहिली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं, कुणी खोकलंसुद्धा नाही. वीज आली तेव्हा लोक उलट चुकचुकले.

बाहेर येऊन मी फोन लावला, आईला. म्हटलं, ‘आई, सुनंदा इथंच राहिली तर?’ आई म्हणाली, ‘रविवारी कोणत्या गाडीनं येताय?’ आमच्या आईशी वाद घालायचा तर असा घालावा लागतो, आणि असाच तो संपतो.

मासवणच्या पलीकडं

शुक्रवारी पार्टीला काम नव्हतं, पण लग्न होतं. पार्टीतला ताशावाला काशिनाथ डोंगरातला, वारली. त्याच्या बहिणीचं लग्न. सगळ्यांना आमंत्रण होतं आणि वाजवायचं काही नव्हतं. ‘आमच्या घरात बेंजो नाय चालत, आमचं वायलं असतं,’ असं त्यानं हसत सांगितलं. सुनंदाला मी म्हटलं, ‘तुझी ही शेवटची गाठभेट पार्टीतल्या लोकांशी. ये.’ वाजवायचंच नाही म्हटल्यावर ती तयार झाली.

मनोरच्या रस्त्यानं मासवण ओलांडलं, सूर्या नदी ओलांडली. भाताच्या कापलेल्या शेतांतून खोडकं उभी होती, पलीकडं मोहाची झाडं. कारखान्यांच्या वासाचा पत्ता नाही. मी छाती भरून श्वास घेतला, फुकटचा. काशिनाथची आई पाणी घेऊन सामोरी आली. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण, अंगणात पानांचा मांडव. मी बसल्या बसल्या अक्कल पाजळली, ‘तारपा कधी वाजणार?’ चित्रांत बघितलेलं ना, मधे तारपा वाजवणारा आणि भोवती नाचणारे.

‘तारपा आता कुटं?’ ती म्हणाली. ‘तो भाताच्या टायमाला. लग्नाला तारपा नाय, लग्नाला धवलेरी.’

धवलेरी म्हणजे गाऊन लग्न लावणारी बाई. भटजी नाही, पोथी नाही. तिनं गायचं आणि लग्न लागायचं. आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढला होता, त्याच्यासमोर सुपात तांदूळ, आणि तिथं बसली होती बुधीबाई. वाळलेल्या खारकेएवढी म्हातारी. मी बघितलं तर कपाळ मोकळं आणि गळाही मोकळा. मला वाटलं, यांच्यात लावत नसतील. पण काशिनाथच्या आईच्या कपाळावर कुंकू होतं, बाकीच्या बायकांच्याही होतं. मला राहवेना. मी हळूच विचारलं, ‘यांचे मालक?’

‘कंचे मालक? तिचा नवरा मरून लय वर्सं झाली.’

‘आणि ह्या लग्न लावतात?’

‘मंग कोन लावनार?’ तिला माझा प्रश्नच कळेना. ‘गानं तिला येतं.’

सुनंदा अंगणाबाहेर मोहाखाली उभी होती, मांडवाच्या सावलीतसुद्धा यायला तयार नव्हती. आत बुधीबाईनं गाणं धरलं. ती एक ओळ म्हणायची आणि बाजूला बसलेली बाई त्या ओळीचं शेपूट झेलायची. आमच्या भजनात झीलकरी असतात तसंच. तिनं डोंगराला लग्नाला बोलावलं, नदीला बोलावलं, कणसरीला बोलावलं. कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. पण झेलणारीला खोकला झालेला. दर ओळीला ती अडायची, बुधीबाई थांबायची, पुन्हा मागून धरायची. नवरी ताटकळली. शेवटी बुधीबाईनं हात वर करून गाणं थांबवलं आणि उंबऱ्यातून बाहेर बघितलं.

‘काश्या, तुमची गानारी कनची? ती मोहाखालची? बोलाव तिला.’

काशिनाथ गेला, सुनंदा मान हलवत राहिली. मग म्हातारी स्वतः उठली. गुडघ्यावर हात टेकत अंगण ओलांडून गेली. मी मागोमाग धावले.

‘चल बाय, माझ्या गान्याची वळ झेल.’

‘आजी, मला तुमचं गाणं येत नाही.’

‘मी म्हनंन तसं म्हन. शेवटाचं तेवडं.’

सुनंदा मागं सरली. ‘आजी, माझा नवरा वारला. मी विधवा आहे.’

बुधीबाईनं तिच्याकडं वर मान करून बघितलं. ‘मंग मी कोन?’ ती म्हणाली. ‘चल. पोरगी कवाची बसली हाय.’

आणि हात धरून घेऊन आली की हो! उंबऱ्याशी सुनंदाचा पाय अडला. तिनं माझ्याकडं बघितलं. घरची मोठी नणंद मी, तिनं बघायचं ते माझ्याकडंच. आई डोळ्यांपुढं आली, आईचं फर्मान आलं. मी म्हटलं, ‘जा गं बाई. थांबलेत लोक.’ एवढंच बोलायला मला आठवडा लागला.

पहिली ओळ तिनं झेलली ती नुसत्या श्वासातच. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. बुधीबाई थांबली नाही, तिसरी ओळ तिनं जरा खालच्या सुरात धरली. आणि त्या ओळीला माझ्या भावजयीचा गळा उघडला. भांड्यावरची राख पुसून आतलं पितळ दिसावं, तसा. रमाकांत अंगणात उकिडवा बसला होता, त्यानं तोंड फिरवलं. मी तर पदराचा बोळा तोंडात घातला. लग्नघरात रडायचं नाही एवढी अक्कल शिल्लक होती. गाणं लांब होतं. शेवटी बुधीबाईनं सुपातले तांदूळ नवरा-नवरीवर टाकले, आणि मूठभर सुनंदाच्याही हातात दिले. तिनं टाकले.

जेवायला नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि सुकटीची चटणी होती. सुनंदा जेवली. त्या आठवड्यात पहिल्यांदा मी तिला दुसऱ्यांदा आमटी मागताना ऐकलं.

पुन्हा बोईसर

शनिवारी पार्टीचं काम होतं, हळदीचं. आणि हळद घाटावरच्याच लोकांची, साताऱ्याकडची. खोलीत सामानाची बोचकी बांधून ठेवलेली. सुनंदानं बेंजोवरची चादर काढली, घडी घातली, बेंजो पुसला आणि मला म्हणाली, ‘वन्सं, हा पण मांडवात नेऊ. वाजवायला कुणी नाही, पण असू दे.’ मी एक बाजू धरली, तिनं दुसरी.

आम्ही मांडवात शिरलो. नवरीची आत्या थेट माझ्याकडंच आली, गोड आवाजात. ‘त्या गाणाऱ्या बाई... त्यांचे मिस्टर गेले ना हो?’

‘गेले. माझा भाऊ होता.’

‘नाही म्हणजे, वाईट वाटून घेऊ नका. शुभकार्य आहे.’

मी रात्रभर भाषण पाठ केलं होतं. या आत्येसारख्या आत्यांसाठीच केलं होतं. तोंड उघडलंही. पण सुनंदा मागून पुढं आली, पदर खोचलेला, अगदी कामावर आल्यासारखी. म्हणाली, ‘आत्याबाई, तुमचं नाव काय? गाण्यात पहिलं तुमचं घेते. आणि मामांचं सांगा.’

आत्याला नावही सांगता येईना आणि नाहीही म्हणता येईना. पाटावरून नवरीनंच सांगितलं, ‘आत्याचं नाव मालन. मामाचं दत्तू. आणि माझ्या मैत्रिणींची पण घ्या हां!’ आत्या तोंड फिरवून मांडवाच्या टोकाला जाऊन बसली. बसू दे.

रमाकांतनं ढोलकीवर थाप टाकली. मी आयुष्यभर भजनात बसले आहे, गळे ऐकले आहेत. पण नाव निघालं की माणूस जागचा उठतो, असं गाणं मी नव्हतं ऐकलं. दत्तूमामा नाचला, मैत्रिणी नाचल्या, पिवळ्याधमक झाल्या. मालन आत्या नाव आलं तेव्हा उठली नाही. पण चप्पल काढून मांडी घालून बसली, नीट ऐकायला.

दहा वाजायला आले. शेवटी पार्टीची नावं. ताशावर काशिनाथ. ढोलकीवर रमाकांत. मग ती थांबली. जुने लोक होते त्यांना कळलं, हात थांबले. बेंजो खुर्चीवर ठेवलेला, मुका. आमच्याकडं नवरा असलेल्या बाईनंच उखाणा घ्यायचा असतो. मी मनात म्हटलं, बाई, पुरे, एवढं पुष्कळ झालं, खाली ठेव माईक. तिनं ठेवला नाही.

‘भरतीच्या मागून येते ओहोटी,
विलासरावांचं नाव तसंच माझ्या ओठी.’

रमाकांतची ढोलकी चुकली. तो माणूस कधी चुकत नाही म्हणतात. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी बोचकी सोडायला मी तिला मदत केली. खोली सोडत नाही, असं खोलीच्या मालकाला तिनं स्वतः जाऊन सांगितलं. मला गाडीत बसवून दिलं, आईसाठी चिकूची पिशवी दिली, आणि गाडी सुटताना म्हणाली, ‘त्या होडीचं नाव विचारून ठेवलंय मी.’

घरी आले तर आई ओसरीत वाटच बघत होती. माझ्या मागं बघितलं, कुणी नाही. मी चिकूची पिशवी पुढं ठेवली आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात, भांडायच्या तयारीनं. टेंपो, मशिनीतली बाई, बुधीबाई, तांदूळ, उखाणा, सगळं. आईनं मध्ये एकदाही टोकलं नाही. चिकू हातात घेऊन दाबून बघत राहिली.

‘त्या लग्न लावणाऱ्या बाईचं कपाळ मोकळं होतं?’

‘हो.’

‘आणि तिनंच लावलं?’

‘गाऊन लावलं. मी समोर बसले होते.’

तिनं चिकू परत पिशवीत ठेवला. मला वाटलं, आता फटकारणार. मग म्हणाली, ‘तुझ्या हळदीला मी आतल्या खोलीत होते, धान्याच्या कणगीपाशी. आठवतं?’

मला आठवत नव्हतं. म्हणजे आई मांडवात नव्हती हे आठवत होतं, पण ती कुठं होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

‘दार लोटलेलं होतं, पण ऐकू येत होतं,’ आई म्हणाली. ‘बाहेर बायकांनी हळदीच्या गाण्यातलं तिसरं कडवं गाळलं. कुणालाच येईना. मला येत होतं गं.’